हिंगणघाटचा कापूस, सिरोंचा आणि न आलेली बोट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण अर्ध्यावर सोडू नका, कारण विषय आपल्याच नदीचा आहे.

सूरजागडच्या खनिजाचे ट्रक आणि त्यांनी आलापल्ली-आष्टी रस्त्याची केलेली दशा हा विषय कुठल्याही ग्रुपवर निघाला की पाच-दहा मेसेजनंतर एक सूचना हमखास येते: "रस्त्यानं कशाला, नदीतून न्या ना!" मग कुणीतरी जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीवरच्या मालवाहू बोटीचा फोटो टाकतं आणि त्यावर पन्नास लाईक पडतात. सूचना करणाऱ्याला वेड्यात काढायचं कारण नाही. 2016 साली संसदेने राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा केला, त्यात देशातले 111 जलमार्ग जाहीर झाले. त्या यादीत 109 नंबरला आपली वैनगंगा-प्राणहिता आहे. 4 नंबरच्या जलमार्गात गोदावरी आहे, आणि तीही थेट भद्राचलमपासून नाशिकपर्यंत. म्हणजे कायद्याच्या कागदावर रामकुंडापासून रामाच्या भद्राचलमपर्यंत बोट जाते.

फार कमी लोकांना ठाऊक आहे की हा प्रयोग एकदा होऊन गेलाय. तो नुसत्या नकाशावर राहिला नाही. दगड-चुना, मजूर आणि सरकारी खजिन्यातले लाखो पौंड खर्चून, आपल्याच अहेरी-सिरोंचा भागात तो झाला. त्याला आता दीडशे वर्षं उलटून गेली. तो का झाला आणि का बुडाला, ते एकदा नीट मांडावं म्हणून हा खटाटोप.

सुरुवात मात्र खालून, समुद्राच्या बाजूने करावी लागते.

1833 च्या सुमारास आंध्रच्या किनारपट्टीवर भयंकर दुष्काळ पडला. गुंटूरचा दुष्काळ म्हणून तो ओळखला जातो. गोदावरीसारखी नदी शेजारून वाहत समुद्राला मिळते आणि काठावरची माणसं अन्नावाचून मरतात, अशी ती अवस्था. मद्रास सरकारचा इंजिनिअर आर्थर कॉटन याने राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला नदी अडवायची योजना मांडली. 1847 ला काम सुरू झालं, 1852 ला संपलं. नदीचं पात्र तिथे इतकं रुंद की मधल्या बेटांचा आधार घेऊन बंधारा चार तुकड्यांत बांधला. बंधाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी आणि मधल्या बेटातून कालवे निघाले, आणि गोदावरीचा त्रिभुज प्रदेश भाताचं कोठार झाला. तिकडचे शेतकरी आजही कॉटनच्या पुतळ्याला हार घालतात. इंग्रज अधिकाऱ्याला इतका मान आपल्याकडे क्वचितच कुणाला मिळाला असेल.

पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. कॉटनने हे कालवे नुसते सिंचनाचे केले नाहीत, बोटी चालतील असे केले. कालव्याला जिथे उतार येतो तिथे लॉक बांधले. लॉक म्हणजे काय? कालव्यातच बांधलेला, दोन्ही टोकांना दारं असलेला एक लांबट हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, हौदात वरच्या बाजूचं पाणी सोडायचं. पाणी चढतं तशी बोट चढते, मग पुढचं दार उघडून ती वरच्या कालव्यात निघून जाते. उतरताना याच्या उलट. ना इंजिन लागतं, ना क्रेन. गोदावरी जिल्ह्यांत अशा जागांना लोक अजून 'लाकुलु' म्हणतात, 'लॉक'चंच तेलुगू अनेकवचन ते.

एकट्या गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात असे जवळपास 500 मैल बोटीचे कालवे झाले. पुढे एलुरूच्या कालव्याने ते कृष्णेच्या कालव्यांना जोडले गेले. कृष्णेच्या कालव्यांना खालून बकिंगहॅम कालवा मिळाला, जो समुद्राला समांतर मद्रासपर्यंत जातो. त्याचा मद्रासजवळचा पहिला तुकडा 1806 सालचा, आणि मधली जोडणी 1876-78 च्या मोठ्या दुष्काळात उपाशी लोकांना काम देण्यासाठी खणलेली. तेव्हाचा मद्रासचा गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम, म्हणून ते नाव. काकीनाडाला बोटीत माल भरला तर समुद्रात न शिरता तो मद्रासला उतरवता येत असे. भात, मीठ, लाकूडफाटा असा सगळा जड आणि स्वस्त माल. वारा असला तर शीड, नसला तर काठावरून माणसं दोर खांद्यावर घेऊन बोट ओढत. बैलगाडीच्या मानाने खर्च इतका कमी की तुलनाच नको.

हे सगळं चाललं कशामुळे? माझ्या मते एकाच गोष्टीमुळे. ते पाणी मुळात शेतासाठी सोडलेलं होतं, बोट त्यावर फुकटात तरंगत होती. बोटीसाठी वेगळं पाणी कुणी साठवत नव्हतं. आणि जमीन तळहातासारखी सपाट. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता वर येऊ, आपल्याकडे.

त्या काळी हिंगणघाटचा कापूस व्यापारात नावाजलेला होता. पण तो जायचा कसा? बैलाच्या पाठीवर आणि गाडीवर. एक वाट उत्तरेला मिर्झापूरची, तिथून गंगेतून बोटीने कलकत्ता. दुसरी पश्चिमेला, घाट उतरून मुंबई. दोन्ही वाटा शेकडो मैलांच्या. वाटेत धूळ, अवकाळी पाऊस, चाऱ्या-पाण्यावाचून मरणारे बैल. माल पोचेपर्यंत त्यातला केर आणि त्याची किंमत दोन्ही वाढलेली. बंजाऱ्यांचे तांडे या धंद्याचा कणा होते. रेल्वेने त्यांचं काय केलं, हा वेगळ्या पोस्टचा विषय.

आणि तिकडे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाची काळजी लागलेली. अमेरिकेवरच सगळं अवलंबून, उद्या तिथे काही झालं तर? 1861 ला ते झालंच. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. कापूस, कापूस, कापूस. नकाशा उघडला तर उत्तर समोरच दिसत होतं. हिंगणघाटजवळून वर्धेकडे जा. वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते आणि प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीला मिळते. गोदावरी राजमहेंद्रीवरून समुद्राला. सहाशे-सातशे किलोमीटरचा उताराचा रस्ता देवाने खणूनच ठेवलाय, फक्त वापरायचा. माणसाचं नाव कॉटन आणि ध्यासही कॉटनचाच! त्याने तर ही गोष्ट त्याआधीपासून लावून धरली होती. त्याचा सहकारी कॅप्टन हेग याने 1850 च्या दशकातच नदीची पाहणी करून अहवाल दिला होता.

अडचण होती ती तीन खडकाळ टप्प्यांची. पहिला भद्राचलमच्या वर, दुम्मागुडेमला. दुसरा इंचमपल्लीला, इंद्रावतीच्या संगमाच्या टापूत. तिसरा प्राणहितेवर, देवलमरीला. हो, तेच अहेरी तालुक्यातलं देवलमरी, जे हल्ली चुनखडीच्या खाणीमुळे बातम्यांत असतं. या तिन्ही ठिकाणी पात्रात खडकच खडक, त्यातून भरली बोट जाणं अशक्य. उपाय असा ठरला की प्रत्येक टप्प्याला बंधारा घालायचा, बाजूने कालवा काढायचा, कालव्यात लॉक बसवायचे, आणि बोट खडकांना वळसा घालून पुढे न्यायची.

आता यातला एक तुकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो शाळेच्या पुस्तकात नाही. नदीचा डावा काठ तेव्हा निजामाच्या हद्दीत होता. 1860 च्या तहात इंग्रजांनी तो निजामाकडून घेतला आणि गोदावरीवरच्या मालावर जकात न घेण्याचंही ठरवून घेतलं. त्या डाव्या काठाचा अप्पर गोदावरी नावाचा नवा जिल्हा केला आणि त्याचं मुख्य ठाणं केलं सिरोंचा. जंगलाने वेढलेल्या त्या गावाला जिल्ह्याचं ठिकाण कशाला करतील? नदीवर लक्ष ठेवायला. सिरोंच्याच्या पलीकडचा काठ तेलंगणाचा आणि अलीकडचा आपला, ही जी हद्द आज आहे तिच्या मुळाशी बोटीचा रस्ता हातात ठेवण्याची ही खटपट आहे. बोट आली नाही, सीमा राहिली.

मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल या योजनेवर खूश होता. हेगच्या हाताखाली कामं सुरू झाली. पण हा काही धवळेश्वरम नव्हता. आजूबाजूला दाट अरण्य, वस्ती विरळ. इथली माडिया-कोया माणसं दगड फोडायला येईनात, ती का येतील? मजूर खालून आणावे लागत, आणि आणलेले मजूर तापाने आणि पटकीने मरत किंवा पळून जात. काम वर्षाकाठी थोडेच महिने चाले. पूर आला की थांबा, पूर ओसरला की आधी गाळ काढा. (हा हेग पुढे जनरल होऊन निवृत्त झाला आणि मिशनरी कामासाठी अरबस्तानापर्यंत फिरला. चिकाटीचा माणूस असणार.)

पण मजूर आणि ताप ही खरी कारणं नव्हेत. खरी गोची होती पंचांगात.

विचार करा. कापूस केव्हा वेचतात? दिवाळीच्या आसपास पहिला वेचा, मग संक्रांतीपर्यंत आणि पुढेही. वेचून, सरकी काढून, गाठी बांधून माल तयार होईपर्यंत पौष-माघ उजाडतो. आणि प्राणहितेत भरपूर पाणी केव्हा असतं? आषाढ ते आश्विन. म्हणजे नदी तयार असते तेव्हा कापूस बोंडात, आणि कापूस तयार होतो तेव्हा नदीत जागोजागी वाळूच्या दांड्या. शेवटी करायचं काय, तर माल वखारीत ठेवून पुढच्या जुलैची वाट बघायची. व्यापाऱ्याचं व्याज चढतंय, उंदीर कुरतडताहेत, भाव काय राहील त्याचा भरवसा नाही. खडक फोडून हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी वरच्या अंगाला मोठी धरणं बांधून उन्हाळाभर पाणी सोडत राहावं लागेल. नुसत्या बोटीसाठी एवढा खर्च कोण करणार?

खाली धवळेश्वरमला जे जमलं ते वर का जमलं नाही, याचं उत्तर इथेच आहे. खाली शेताच्या पाण्यावर बोट तरंगली. वर बोटीसाठीच पाणी पैदा करायचं होतं.

तेवढ्यात 1865 ला अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचे भाव कोसळले. 1867 ला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोचली. आता हिंगणघाटचा कापूस गाडीने वर्धा स्टेशनवर आणायचा आणि तो थेट मुंबई बंदरात. पावसाची वाट बघायला नको, तीन ठिकाणी लॉक नकोत, आणि मुंबईत मोठमोठ्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या. काकीनाडाच्या बंदराने याच्याशी काय झुंजावं! 1871 साली सरकारने गोदावरीवरचं काम थांबवलं. काही वर्षांतच अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रासकडे गेला, सिरोंचा चांदा जिल्ह्यात आलं.

कॉटनने हार मानली नाही. रेल्वे की कालवा, हा वाद तो म्हातारपणापर्यंत घालत राहिला. त्याचं म्हणणं असं की रेल्वे कंपन्यांना सरकार 5 टक्के व्याजाची हमी देतं, तोटा झाला तर तो हिंदुस्थानच्या रयतेच्या करातून भरतं, आणि गरीब देशाला वेगापेक्षा स्वस्त वाहतूक हवी, जी पाण्यावरच मिळते. वर कालवा दुष्काळात पीकही वाचवतो, रेल्वे फक्त धान्य इकडून तिकडे नेते. 1878 साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने हेच मांडलं. समितीने काही त्याचं ऐकलं नाही.

तो बरोबर होता की चूक? हमीच्या व्याजाबद्दल त्याचं बोलणं शंभर टक्के खरं होतं, पुढे आपल्या राष्ट्रीय नेत्यांनीही तीच टीका केली. पण बोटीच्या बाबतीत त्याने किनाऱ्यावरचा अनुभव उचलून दख्खनच्या पठारावर लावला, आणि तिथे तो फसला. हे एकट्या गोदावरीत झालं नाही. तुंगभद्रेवरून कुर्नूल-कडप्पा कालवा असाच बोटींची आणि सिंचनाची दुहेरी कमाई दाखवून एका खाजगी कंपनीने काढला, त्यालाही सरकारी हमी होती. बोटींची कमाई झाली नाही, सिंचनाचीही पुरेशी झाली नाही, आणि 1882 ला सरकारला तो विकत घेऊन गळ्यात बांधून घ्यावा लागला.

खालच्या कालव्यांवर मात्र बोटी चांगल्या शंभर वर्षं चालल्या. बेझवाड्याहून रेल्वे आली, 1900 साली राजमहेंद्रीला गोदावरीवर रेल्वेचा मोठा पूल सुरू झाला, तरी चालल्या. त्यांना मारलं ते लॉरीने, साचलेल्या गाळाने आणि कालव्यांवर बांधलेल्या बुटक्या पुलांनी. बकिंगहॅम कालव्याची वादळांनी वाट लावली. उरलेलं काम चेन्नई शहराने त्यात सांडपाणी सोडून केलं.

आता परत आजच्या सूचनेकडे. नदीतून न्या ना!

आधी नाशिकचं बघू, कारण ते सोपं आहे. नाशिकहून बोट सोडा. नांदूरमधमेश्वरला बंधारा. तिथून कशीबशी निघाली तर पैठणला जायकवाडी, जवळजवळ 10 किलोमीटर लांबीची मातीची भिंत, लॉक नाही. पुढे नांदेडला विष्णुपुरी. पुढे बाभळी, ज्याच्या दारांसाठी सुप्रीम कोर्टात जावं लागलं. पुढे तेलंगणात श्रीरामसागर. आपण स्वतःच बांधलेल्या या भिंतींकडे न बघता कुणीतरी कायद्याच्या तक्त्यात 'भद्राचलम ते नाशिक' असं लिहून टाकलं. नदीत पाणी सोडायचं म्हटलं तर नगर-नाशिक आणि मराठवाडा एकमेकांच्या उरावर बसतात. तिथे बोटीसाठी पाणी मागणारा शहाणा मला बघायचाय.

प्राणहितेची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्यावर अजून मोठं धरण नाही, पाणी भरपूर आहे, पण पावसाळ्यात. खाली सिरोंच्याजवळ मेडीगड्डाचा बंधारा 2019 ला झाला. त्याच्या फुगवट्याचा त्रास सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी सोसला, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांबच खचले. इंचमपल्लीचं नाव तर मरतच नाही. आधी बोटीसाठी, मग तीन राज्यांच्या संयुक्त धरणासाठी, आता गोदावरीचं पाणी कावेरीकडे नेण्यासाठी. जागा तीच, कारण दर पन्नास वर्षांनी नवं, आणि पाण्याखाली जाण्याची भीती मात्र त्याच गावांना.

आणि खनिज? ते उतरतं एटापल्लीच्या डोंगरावरून. नदी गाठायची तर आधी आलापल्ली-अहेरीपर्यंत ट्रकनेच आणावं लागेल. म्हणजे ज्या रस्त्याचं रडगाणं आहे, त्याचाच मोठा तुकडा तसाच राहिला. मग बोटीत भरा. आणि ते जाणार कुठे? कोनसरीला, किंवा घुग्गुसला. दोन्ही ठिकाणं प्रवाहाच्या उलट, वर. कॉटनची बोट निदान भरलेली खाली येणार होती आणि रिकामी वर जाणार होती. आपली भरलेली वर जाणार.

गोव्यात चालतं ते मग कसं, असं विचारणारे येतीलच. तर गोव्यात मांडवी आणि जुवारीतून खनिजाच्या बार्जेस वर्षानुवर्षं चालल्या, आणि दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा पावसाळ्यात मांडवीचं तोंड बंद झालं की कामी यायचा. पण त्या नद्यांत समुद्राची भरती चढते. पाऊस पडो न पडो, दिवसातून दोनदा समुद्र फुकट पाणी भरून देतो. शिवाय खाणी नदीपासून जवळ आणि माल खाली बंदराकडे जाणारा. अहेरीला समुद्र नाही.

मी पाण्यावरच्या वाहतुकीच्या विरोधात नाही. सिरोंचा-अहेरी भागात पावसाळ्यात नाल्यापलीकडे अडकणाऱ्या गावांना दवाखान्यापर्यंत चांगली मोटरबोट मिळाली तर ती मला कुठल्याही जलमार्गापेक्षा मोलाची वाटते. आजही तिथे लोक डोंग्यातून जिवावर उदार होऊन जातात, त्यावर कायदा करायला कुणाला सुचत नाही.

पण 'जलमार्ग' म्हणून कुणी गावात नकाशा घेऊन आलं, तर मोजक्या गोष्टी विचारा. खोली किती लागणार आणि ती एप्रिलमध्ये कुठून येणार? त्यासाठी बंधारा घालणार का, आणि घातला तर फुगवटा कुणाच्या शेतात? बंधाऱ्याला लॉक आहे का, की बोटीच्या नावाने नुसतीच भिंत? आणि ढिवर बांधवांच्या मासेमारीचं काय? त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क या नदीवर आहे, आणि नदीत कुठे किती पाणी असतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

दुम्मागुडेमचा बंधारा अजून उभा आहे. बोटीला वाट द्यायला बांधलेला तो बंधारा आता इतर कामांना वापरतात.

देवलमरी, वांगेपल्ली, सिरोंचा, अंकिसा इथले कुणी ही पोस्ट वाचत असतील तर एक काम करा. या उन्हाळ्यात एखाद्या ढिवर काकांना सोबत घेऊन डोंग्यातून मधल्या धारेत जा, बांबू खाली टेकवा आणि पाणी किती भरतं ते मोजून, तारीख आणि गावाच्या नावासकट कमेंटमध्ये टाका.